ट्रेसिंगखालचं पान: जुन्या विंडोज ७ पीसीवर सँडबॉक्स कसा वापरायचा

डीटीपीच्या दुकानात एक पीसी असा असतोच, की त्याला मालक कुणालाही हात लावू देत नाही. विंडोज ७, चार जीबी रॅम, कधी काळी पांढरा असलेला कीबोर्ड. आत पानं मांडायचं पेजमेकर ७ आणि मराठी टायपिंगची श्री-लिपी, मागच्या यूएसबीत तिचा डोंगल, म्हणजे परवान्याची किल्ली, आणि डी ड्राइव्हवर दहा-पंधरा वर्षांच्या लग्नपत्रिका, दिवाळी अंक, ग्रामपंचायतीच्या पावत्या. सगळं युनिकोडच्या, म्हणजे आजच्या सर्वमान्य अक्षरपद्धतीच्या, आधीच्या फाँटमध्ये. हा संसार नव्या मशीनवर हलवायचा म्हणजे जोडाक्षरं तुटणार, वेलांट्या सरकणार, आणि प्रत्येक जुनी फाइल पुन्हा ओळ न ओळ तपासावी लागणार. म्हणून पीसी बदलत नाही.

विंडोज ७ ची मोफत सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० ला थांबली. पैसे भरणाऱ्या कंपन्यांना मिळणारी अपडेटसुद्धा जानेवारी २०२३ मध्ये संपली. क्रोमची यावर चालणारी शेवटची आवृत्ती १०९, तीही त्याच महिन्यातली. गिऱ्हाईक मात्र मजकूर व्हॉट्सॲपवर टाकतं, फोटो मेलवर पाठवतं, आणि घाईत असेल तर पेनड्राइव्ह काउंटरवर ठेवून चहाला जातं. मशीनची नेटवायर काढून टाका, असं सांगणं सोपं आहे. दुकान तसं चालत नाही.

इथे सँडबॉक्स, म्हणजे परका प्रोग्राम वेगळ्या कप्प्यात कोंडून चालवायची सोय, कामाला येतो. तुमचा जुना पीसी डीटीपीसाठी नसून जुन्या प्रिंटरसाठी किंवा हिशेबाच्या सॉफ्टवेअरसाठी ठेवलेला असेल, तरी पुढचं सगळं तसंच लागू पडतं.

ट्रेसिंग पेपर

ऑफसेटवाल्यांना ट्रेसिंग पेपर समजावून सांगायला नको. छापलेल्या पानावर ट्रेसिंग ठेवा आणि त्यावर हवी तेवढी खाडाखोड करा. वरून बघणाऱ्याला वाटेल, पानच बदललं. ट्रेसिंग उचला, खालचं पान जसंच्या तसं.

सँडबॉक्स हेच करतो. आत चालणारा प्रोग्राम डिस्कवर काही लिहायला गेला, की ते लिखाण मधल्या मध्ये अडवलं जातं आणि दुसऱ्या फोल्डरमध्ये वळवलं जातं. प्रोग्रामला वाटतं, आपण डेस्कटॉपवर फाइल ठेवली. प्रत्यक्षात ती सँडबॉक्सच्या फोल्डरात पडलेली असते. रजिस्ट्रीतले, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीतले, बदलही तसेच वेगळ्या फाइलमध्ये साठतात. बॉक्स रिकामा केला की सगळं जातं.

सँडबॉक्सी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये हे डोळ्यांनी पाहता येतं. नोटपॅड सँडबॉक्समध्ये उघडा, दोन शब्द लिहा आणि डेस्कटॉपवर सेव्ह करा. खिडकी लहान करून डेस्कटॉप बघा: फाइल नाही. आता सी ड्राइव्हवरच्या सँडबॉक्स फोल्डरमध्ये जा. आत तुमच्या युजरचं नाव, त्याच्या आत बॉक्सचं नाव, आणि तिथे विंडोजच्या फोल्डरांची एक छोटी नक्कल उभी राहिलेली दिसेल. तुमची फाइल तिथल्या डेस्कटॉपमध्ये आहे. हा प्रयोग पाच मिनिटांचा आहे, पण करूनच पुढे जा. सँडबॉक्स वापरणाऱ्यांची सगळ्यात मोठी तक्रार, 'सेव्ह केलेली फाइल गायब झाली', इथेच समजून येते.

आता ट्रेसिंगचा दुसरा गुण. ते पारदर्शक असतं. खालचं पान बदलत नाही, पण वाचता मात्र येतं. सँडबॉक्सीच्या साध्या बॉक्समधला प्रोग्राम तुमच्या डी ड्राइव्हवर लिहू शकत नाही, पण डी ड्राइव्ह वाचू शकतो. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारं रॅन्समवेअर आत शिरलं तर ते ट्रेसिंगवरच्या प्रतींना कुलूप लावत बसेल. मूळ फाइली शाबूत राहतील. पण चोरी करणारा प्रोग्राम शिरला आणि त्याने गिऱ्हाइकांच्या आधार कार्डांचे स्कॅन वाचून नेटवरून पाठवून दिले, तर नंतर बॉक्स रिकामा करून काय उपयोग? गेलेलं परत येत नाही. बहुतेक लोक सँडबॉक्स बसवतात आणि लिहिण्याचं दार बंद झालं एवढ्यावर निर्धास्त होतात. वाचण्याचं दार आपण स्वतः बंद करायचं असतं.

बसवण्याआधी

सँडबॉक्सी २००४ मध्ये रोनेन त्झूर यांनी इंटरनेट एक्सप्लोररसाठी बनवलं. पुढे ते इन्व्हिन्सिया आणि मग सोफोस या कंपन्यांकडे गेलं. सोफोसने २०२० मध्ये त्याचा सोर्स कोड खुला केला, आणि तेव्हापासून डेव्हिड झॅनाटोस या नावाने काम करणारे विकासक ते पुढे नेत आहेत. दोन रूपं मिळतात: प्लस, ज्याचा चेहरा नवा आहे आणि सोयी जास्त, आणि क्लासिक, जुन्या चेहऱ्याचं आणि हलकं. दोन जीबी रॅमच्या मशीनवर क्लासिक घ्या, चार असेल तर प्लस. संरक्षण करणारा गाभा दोन्हींत एकच. उतरवून घेताना प्रकल्पाच्या अधिकृत पानावरूनच घ्या, आणि त्या आवृत्तीच्या माहितीत विंडोज ७ चा उल्लेख आहे ना, ते बघा. एक्सपीवर सध्याच्या आवृत्त्या चालत नाहीत. एक्सपीची नेटवायर काढा, तिथे दुसरा सल्ला नाही.

कॉम्प्युटरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज. सर्व्हिस पॅक १ लिहिलेलं दिसायला हवं, आणि सिस्टिम ३२ बिट की ६४ ते टिपून ठेवा, कारण इन्स्टॉलर वेगवेगळे आहेत. पुष्कळांची गाडी अडते ती यापुढे. सँडबॉक्सी विंडोजच्या गाभ्यात एक ड्रायव्हर बसवतं. आजचे ड्रायव्हर एसएचए-२ पद्धतीच्या डिजिटल सहीने येतात, आणि २०१९ च्या आधी अपडेट बंद करून ठेवलेल्या विंडोज ७ ला ही सही ओळखता येईलच असं नाही. मग इन्स्टॉल तर होतं, पण ड्रायव्हर सुरू होत नाही, आणि लोक सँडबॉक्सीला नावं ठेवतात. मायक्रोसॉफ्टच्या अपडेट कॅटलॉगमधून आधी केबी ४४९०६२८ आणि मग केबी ४४७४४१९ ही अपडेट घ्या, याच क्रमाने, आणि पीसी रीस्टार्ट करा.

शिवाय विंडोज ७ च्या बॅकअपमध्येच पूर्ण सिस्टिमची इमेज, म्हणजे जशीच्या तशी प्रत, काढायची सोय आहे. ती बाहेरच्या हार्ड डिस्कवर काढा आणि डिस्क सोडवून कपाटात ठेवा. लावून ठेवलेली बॅकअप डिस्क रॅन्समवेअरच्या दृष्टीने अजून एक ड्राइव्ह असते.

दोन बॉक्स, उलट नियम

सँडबॉक्सी बसल्यावर तयार मिळणारा एकच बॉक्स सगळ्यासाठी वापरू नका. दोन बनवा, एक पेनड्राइव्हसाठी आणि एक ब्राउझरसाठी. नावं इंग्रजी अक्षरांत, मध्ये मोकळी जागा न सोडता द्या. नियम सोपा आहे: ज्या बॉक्सला परक्या फाइली उघडायच्या आहेत त्याला इंटरनेट नाही, आणि ज्याला इंटरनेट आहे त्याला आपल्या फाइली दिसणार नाहीत. चोरीला दोन्ही लागतात, वाचता येणं आणि पाठवता येणं. एकेका बॉक्समधून एकेक काढून घेतलं की चोराच्या हाती अर्धंच काम राहतं.

पेनड्राइव्हच्या बॉक्सच्या सेटिंगमध्ये नेटवर्कच्या पानावर जाऊन सगळ्या प्रोग्रामांचा इंटरनेट बंद करा. सुरक्षेच्या पानावर ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार काढून घेण्याची खूण असते, ती करा. दुकानातल्या पीसीवर सगळे ॲडमिन म्हणूनच बसतात, त्यामुळे ही खूण महत्त्वाची.

पेनड्राइव्ह लावल्यावर काय होतं ते जवळून बघू. आत 'लग्न पत्रिका' नावाचं एकच फोल्डर दिसतं, आणि त्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात बारीक बाण. बाण असला की ते फोल्डर नव्हे, शॉर्टकट. खरं फोल्डर लपवलेलं असतं. डबल क्लिक केलं की लपवलेलं फोल्डर उघडतं, म्हणून गिऱ्हाईकही खूश आणि ऑपरेटरही खूश. पण त्याच क्लिकवर मागे एक स्क्रिप्ट चाललेली असते. ती स्वतःची प्रत पीसीवर ठेवते, विंडोज सुरू होताना चालणाऱ्या यादीत नाव घालते, आणि पुढे लागणाऱ्या प्रत्येक पेनड्राइव्हवर हाच खेळ मांडते. झेरॉक्सच्या दुकानातून महाविद्यालयात आणि तिथून घरोघर जाणारा हा जुना रोग आहे.

आता तोच पेनड्राइव्ह सँडबॉक्समधून उघडा. सँडबॉक्सीच्या खिडकीत पेनड्राइव्हच्या बॉक्सवर राइट क्लिक करून त्यात विंडोज एक्सप्लोरर चालवा, आणि त्या एक्सप्लोररमधून पेनड्राइव्हवर जा. खिडकीच्या नावाभोवती चौकटीतलं हॅशचं चिन्ह दिसेल. कडेला रंगीत रेघ हवी असेल तर तीही लावता येते. सँडबॉक्समधल्या प्रोग्रामने जे काही सुरू केलं ते सँडबॉक्समध्येच राहतं, हा त्याचा पक्का नियम आहे. म्हणून इथून शॉर्टकट चुकून दाबला गेला, तरी स्क्रिप्ट ट्रेसिंगवरच नाचते. तिची प्रत बॉक्समध्ये, सुरुवातीच्या यादीतली नोंद बॉक्समध्ये. बॉक्स रिकामा केला की दोन्ही गेलं.

फोर्स फोल्डर नावाची सोय आहे, तिच्यात ई, एफ, जी, एच ही ड्राइव्हची अक्षरं घालून ठेवा, म्हणजे तिथले प्रोग्राम आपोआप बॉक्समध्ये सुरू होतील. एकच अक्षर घालून थांबू नका. कार्ड रीडर असेल तर पेनड्राइव्हला रोज वेगळं अक्षर मिळू शकतं. पण ही दुसरी जाळी समजा. फोटोशॉप आधीच बाहेर उघडं असेल आणि तुम्ही त्याच्या ओपन मेन्यूतून पेनड्राइव्हवरची फाइल घेतलीत, तर तो फोटोशॉप बाहेरचाच राहतो. खिडकीच्या नावात हॅश आहे का, हे बघायची सवय लावून घ्या.

आणि फोल्डर ऑप्शन्समध्ये जाऊन फाइलींची शेपटं लपवण्याची खूण काढून टाका. विंडोज ती मुळात लपवूनच ठेवतं, त्यामुळे 'फोटो डॉट जेपीजी डॉट ईएक्सई' या फाइलचं, जी खरं तर प्रोग्राम असते, फक्त 'फोटो डॉट जेपीजी' दिसतं.

काम झालं की हवी ती फाइल बाहेर काढायची. याला रिकव्हरी म्हणतात. फाइल आत डेस्कटॉपवर किंवा डाउनलोड्समध्ये सेव्ह झाली की सँडबॉक्सी स्वतःच विचारतं. बाकी ठिकाणची फाइल बॉक्सची सामग्री उघडून काढावी लागते. चित्रं, मजकूर, पीडीएफ काढा, पण आधी अँटिव्हायरसने तपासून. ईएक्सई, स्क्रिप्ट, शॉर्टकट बाहेर काढायचंच नाही, गिऱ्हाईक कितीही ओळखीचं असो. आणि एक चूक वारंवार होते: पेनड्राइव्हवरची फाइल बॉक्समध्ये दुरुस्त केली, सेव्ह केली, पेनड्राइव्ह गिऱ्हाइकाला परत दिला. घरी जाऊन तो उघडतो तर दुरुस्ती नाही. असणार कशी? ती ट्रेसिंगवर होती.

मोठ्या फाइलींचं वेगळं दुखणं आहे. मूळ फाइलमध्ये बदल करायचा झाला की सँडबॉक्सी आधी तिची पूर्ण प्रत आत आणतं. ठरावीक आकारापुढच्या फाइलींना ते नकार देतं आणि एसबीआयई २१०२ असा संदेश दाखवतं. बॅनरच्या टिफ फाइली शेकडो एमबींच्या असतात, त्यामुळे हा संदेश दिसणारच. बॉक्सच्या फाइल सेटिंगमध्ये ही मर्यादा वाढवता येते. सी ड्राइव्ह भरत आला असेल तर सगळं सँडबॉक्स फोल्डरच दुसऱ्या ड्राइव्हवर हलवा. पेजमेकर आणि श्री-लिपी मात्र बाहेरच चालवा. डोंगलचा ड्रायव्हर आणि फाँट हे सँडबॉक्सशी सरळ वागत नाहीत, आणि ते प्रोग्राम स्वतःहून नेटवर जात नाहीत.

फाँटची गोष्ट वेगळी आहे

डीटीपीत गिऱ्हाईक फाइलीबरोबर फाँटही आणतं. 'पत्रिकेला हाच फाँट हवा' म्हणून. आणि सँडबॉक्सची हद्द कुठे संपते, ते इथे कळतं.

२३ मार्च २०२० ला मायक्रोसॉफ्टने सांगितलं, की विंडोजमध्ये पोस्टस्क्रिप्ट टाइप १ फाँट वाचणाऱ्या अडोबीच्या जुन्या भागात खोट आहे, आणि विंडोज ७ वर तिचा वापर करून निवडक हल्लेही झाले आहेत. दुरुस्ती १४ एप्रिलला आली. विंडोज ७ ची मुदत संपून तीन महिने झाले होते, म्हणून ती पैसे भरलेल्यांनाच मिळाली. आजही कितीतरी मशीनवर ती नाही.

हीच खोट विंडोज १० मध्येही होती. पण तिथे फाँट वाचायचं काम एका वेगळ्या, हातपाय बांधलेल्या सँडबॉक्समध्ये चालतं, त्यामुळे हल्लेखोर आत शिरला तरी त्या कोठडीतच अडकतो. विंडोज ७ मध्ये ते काम थेट गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये चालतं. आणि आपला सँडबॉक्स कर्नलवरच उभा आहे. ट्रेसिंग कितीही जाड घ्या. टेबलच उलटलं तर ट्रेसिंग काय करणार?

त्यातही या हल्ल्याला फाइल उघडावी लागतेच असं नाही. एक्सप्लोररच्या उजव्या बाजूला दिसणारी झलक पुरते. म्हणून ऑर्गनाइझ, लेआउट मध्ये जाऊन प्रिव्ह्यू पेन आणि डिटेल्स पेन दोन्ही बंद करा, आणि फोल्डर ऑप्शन्समध्ये 'नेहमी आयकॉन दाखवा, थंबनेल नको' ही खूण करा. दुरुस्ती येईपर्यंत मायक्रोसॉफ्टनेही हेच सुचवलं होतं. फोटो आयकॉनवरून ओळखायला त्रास होईल, पण तेवढं चालवून घ्या. अनोळखी फाँट या मशीनवर घालूच नका. तोच फाँट तुमच्या जुन्या सीडीवर असेल तर तिथून घ्या, नसेल तर त्या ओळी गिऱ्हाइकाकडून पीडीएफ किंवा चित्र म्हणून मागवा. झीरोपॅचसारख्या काही सेवा मुदत संपलेल्या विंडोजसाठी स्वतःच्या छोट्या दुरुस्त्या देतात. मशीन सोडवतच नसेल तर त्या पैशाला हरकत नाही.

ब्राउझर

ब्राउझरला स्वतःचा सँडबॉक्स असतो, आणि तो चांगला असतो. क्रोममध्ये तो २००८ पासून आहे. २०१८ मध्ये आवृत्ती ६७ पासून डेस्कटॉपवर प्रत्येक संकेतस्थळाला वेगळी प्रोसेस मिळायला लागली, म्हणजे एका टॅबमधलं लबाड पान शेजारच्या टॅबमधलं बँकेचं पान वाचू शकणार नाही. त्यापायी मेमरी दहा ते तेरा टक्के जास्त लागते, असं गूगलनेच सांगितलं होतं. चार जीबीच्या मशीनवर हे जाणवतं. टॅब पाच-सहाच्या वर नेऊ नका, पण वेगासाठी ही सोय बंद करू नका. क्रोम सारखा कोसळतोय म्हणून शॉर्टकटमध्ये 'नो सँडबॉक्स' लिहायचा उपाय व्हिडिओंमधून फिरतो. तो करू नका. तो केलेला असेल तर क्रोम वरच्या बाजूला इशाऱ्याची पट्टी दाखवतो. ती दिसली तर शॉर्टकटच्या प्रॉपर्टीजमधून ते शब्द खोडा.

विंडोज ७ साठी फायरफॉक्सची ११५ ईएसआर, म्हणजे जास्त काळ अपडेट मिळणारी, ही शेवटची शाखा. मोझिलाने तिची मुदत अनेकदा वाढवली आहे, ती अजून चालू आहे का हे मोझिलाच्या पानावर बघून घ्या. क्रोम १०९ पेक्षा ही केव्हाही बरी.

हा फायरफॉक्स ब्राउझरच्या बॉक्समध्ये चालवा. या बॉक्सला इंटरनेट चालू, पण रिसोर्स ॲक्सेसच्या फाइलींच्या यादीत डी ड्राइव्ह, डॉक्युमेंट्स आणि डेस्कटॉप घालून त्यांना 'बंद' करा. हाच ट्रेसिंगखाली सरकवलेला काळा पुठ्ठा. हे हाताने करायला पैसे लागत नाहीत. प्लसमध्ये हे आपोआप करणारा बॉक्सही आहे, पण तो वापरायला प्रमाणपत्र विकत घ्यावं लागतं. आता मेलला फाइल जोडायला गेलात तर डी ड्राइव्ह उघडणार नाही. गोंधळू नका, तेच तर हवं होतं. पाठवायच्या फाइलींसाठी एक वेगळं फोल्डर करा, ते उघडं ठेवा, आणि फाइल गेली की तिथून काढा. बुकमार्क टिकावेत म्हणून ब्राउझरच्या सेटिंगमध्ये त्यांना थेट वाट देता येते. पासवर्डांना ती देऊ नका.

बँकेचं काम? बॉक्स रिकामा करून, ताज्या बॉक्समध्ये, दुसरा एकही टॅब न उघडता केलं तर धोका कमी होतो. त्याच बॉक्समधलं एखादं लबाड एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडलेलं छोटं सॉफ्टवेअर, मात्र तुम्ही दाबलेली प्रत्येक कळ बघू शकतं, कारण ते ट्रेसिंगच्या वर नाही, तुमच्याच बाजूला बसलं आहे. आणि बनावट पानावर तुम्हीच ओटीपी लिहिलात तर जगातला कुठलाही सँडबॉक्स मध्ये पडत नाही. विंडोज ७ वर बँक नको, एवढंच. अपडेट मिळणारा फोन खिशात असतोच.

वायरमधून येणारं

१२ मे २०१७ ला वॉनाक्राय हे रॅन्समवेअर पसरलं, तेव्हा कुणी फाइल उघडायची त्याला गरज नव्हती. ते विंडोजच्या फाइल शेअरिंगच्या जुन्या पद्धतीतल्या, एसएमबी १ मधल्या, खोटीतून पोर्ट ४४५ वरून एका मशीनवरून दुसऱ्यावर उड्या मारत गेलं. मायक्रोसॉफ्टची दुरुस्ती दोन महिने आधीच आली होती. ज्यांनी ती घातली नव्हती त्यांच्यावर वेळ आली, आणि त्यात सगळ्यात मोठा वाटा विंडोज ७ चा होता. अशा हल्ल्यात सँडबॉक्समध्ये काही चालतच नाही, मग तो अडवणार काय?

नेटवर्क सेंटरमध्ये या मशीनचं ठिकाण 'पब्लिक' करा, फाइल शेअरिंग बंद करा, रिमोट डेस्कटॉप बंद करा. दुकानातल्या दुसऱ्या पीसीला याच मशीनमधला प्रिंटर शेअर केलेला असेल तर अडचण होईल. मग प्रिंटर दुसऱ्या मशीनला जोडा किंवा राउटरला. राउटरमध्ये गेस्ट नेटवर्कची सोय असेल तर जुना पीसी तिथे टाका, म्हणजे तो बाकीच्यांना दिसणार नाही.

अँटिव्हायरस हवाच, पण एकच. दोन बसवले की दोघे एकमेकांच्या पायात पाय घालतात, आणि सँडबॉक्सीचीही अडवणूक होते. अँटिव्हायरससुद्धा शेवटी परक्या फाइली उघडून बघणारा प्रोग्राम आहे, तोही पूर्ण अधिकारांनिशी. मे २०१७ मध्ये गूगलच्या संशोधकांनी दाखवून दिलं, की मायक्रोसॉफ्टच्या अँटिव्हायरसने एखादी खास बनवलेली फाइल नुसती तपासली तरी मशीन ताब्यात जाऊ शकतं. पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने डिफेंडरलाच सँडबॉक्समध्ये बसवायची सोय आणली. ती विंडोज १० पासून पुढे. ७ मधल्या सिक्युरिटी इसेन्शियल्सला नाही. पुण्याच्या क्विक हीलच्या काही आवृत्त्यांत ब्राउझर सँडबॉक्स आलेला आहे. तो विकत घेतलेलाच असेल तर ब्राउझरसाठी तो किंवा सँडबॉक्सी, दोन्हींपैकी एक ठेवा. एकात एक घालू नका.

मशीन थोडं नवं असेल तर

विंडोज १० प्रो असेल तर १९०३ आवृत्तीपासून आत विंडोज सँडबॉक्स आहे. होम आवृत्तीत नाही. हा ट्रेसिंग पेपर नाही, हे कोरं दुसरं पान आहे: एक छोटं वेगळं विंडोज उघडतं, स्वतःच्या कर्नलसह, आणि खिडकी बंद केली की आतलं सगळं पुसलं जातं. आपल्या फाइली त्याला मुळात दिसतच नाहीत. त्याला ६४ बिट प्रोसेसर, किमान चार जीबी रॅम आणि बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू लागतं. चारवर ते रखडतं, आठ असतील तर वापरावंसं वाटतं. कोअर टू ड्युओच्या काळातल्या प्रोसेसरांवर चालणार नाही. विंडोज १० चीही मोफत मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. घरगुती वापरासाठी नोंदणी केली तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतात.

आणि पेजमेकर-श्री-लिपीच्या साखळीने जे मशीन बांधलेलं नाही, त्यावर विंडोज ७ ठेवायचं कारणच नाही. विंडोजऐवजी लिनक्स मिंट या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती टाका. चार जीबी रॅम आणि एक साधी एसएसडी पुरते, मराठी युनिकोड कीबोर्ड आतच असतो, आणि अपडेट येत राहतात. त्यात फायरजेल हा लिनक्सवरचा सँडबॉक्स बसवून ब्राउझर खाजगी फोल्डरमध्ये कोंडता येतो, आणि पीडीएफ वाचणारा प्रोग्राम नेट तोडून चालवता येतो. म्हणजे वरचेच दोन उलट नियम, पण खाली अपडेट मिळणारा कर्नल.

दुकानात दोन मशीन ठेवणं जमत असेल तर हीच मांडणी सगळ्यात बरी: मिंटवालं मेल, व्हॉट्सॲप आणि गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह बघेल, आणि विंडोज ७ ची नेटवायर कायमची निघेल. दोघांमध्ये फाइली नेण्यासाठी एकच पेनड्राइव्ह ठेवा, त्यावर लाल मार्करने खूण करा, आणि तो कुणीही मागितला तरी काउंटरपलीकडे जाऊ देऊ नका.